‘किती देते?’ : नाशिकमध्ये वेगवान गाडी सांभाळण्याचा हिशोब

नवी गाडी सोसायटीच्या गेटातून आत आली की पेढ्यांच्या आधी प्रश्न येतो, “किती देते?” साधी हॅचबॅक असली तर आकडा छाती फुगवून सांगता येतो. दीडशे अश्वशक्तीची टर्बो पेट्रोल असली की माणूस एक तर थाप मारतो, नाही तर विषय बदलतो. पहिलं वर्षभर मी दोन्ही केलं. दर रविवारी घाटात गाडी पळवून आलो की पेट्रोलचा काटा बघून अपराधी वाटायचं. मग वही घातली, आणि कळलं की अपराधी वाटायची जागा चुकली होती. पैसे घाटात जात नव्हते, ते कॉलेज रोडवर जात होते.

पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. वेगवान म्हणजे किती, हे ज्याच्या-त्याच्या खिशावर. १ लीटर टर्बोची आय-२० एन लाइन १२० पीएसची आहे (पीएस म्हणजे ढोबळमानाने अश्वशक्तीच). व्हर्टस जीटी आणि स्लाव्हिया १.५ या दोन्ही १५० पीएसच्या. पन्नास लाखांच्या आगेमागे गेलात की गोल्फ जीटीआय आणि ऑक्टाव्हिया आरएस येतात, २ लीटर आणि २६५ पीएस. त्यापुढे सहा सिलिंडरवाली बीएमडब्ल्यू एम३४०आय. माझी गाडी मधल्या गटातली, १.५ टर्बो (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) आणि सात गिअरची डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. म्हणून खालचे आकडे त्या गाडीचे आहेत. गाडी मोठी असेल तर ते वाढवून घ्या, हिशोबाची रीत तीच राहते.

पायरी १ : कंपनीचा आकडा विसरा, वही घाला

एआरएआय, म्हणजे गाड्या तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था. कंपनी सांगते तो आकडा तिच्या चाचणीतला, आणि ती इंधनचाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर चढवतात, एसी बंद असतो आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग कमी-जास्त करतात. त्या वेळापत्रकाचं नाव ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’, आद्याक्षरांनी एमआयडीसी. नाशिककराच्या डोळ्यांसमोर लगेच सातपूर-अंबडची सुटलेली शिफ्ट येते, पण त्या एमआयडीसीत ट्रक, रिक्षा, सिग्नल काहीच नाही. कमाल वेगही ९० च्या वर जात नाही. अशा चाचणीत छोटं टर्बो इंजिन गुणी बाळासारखं वागतं, कारण टर्बोला जोर लावायची वेळच फारशी येत नाही. खऱ्या रस्त्यावर लागते. म्हणून कागदावरचा आकडा आणि हातातला आकडा यांत टर्बो गाड्यांमध्ये जास्त फरक पडतो.

मोजायची पद्धत जुनीच, टाकी टू टाकी. एकाच पंपावर, शक्यतो एकाच मशिनवर भरा. नोझल पहिल्यांदा ‘टक’ करून थांबलं की तिथेच थांबा. “साहेब, राउंड फिगर करू?” याला नाही म्हणायचं. किलोमीटर भागिले लीटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन टाक्यांची सरासरी काढा. डॅशबोर्डवरचा आकडा मनाला बरा वाटण्यासाठी असतो. माझा दर वेळी एक-दीड किलोमीटर वाढवून सांगतो.

नाशिकमध्ये आणखी एक गंमत आहे. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंचावर राहतो. मुंबईला जाताना कसारा उतरतो, येताना चढतो. दीड टनाची गाडी एवढी वर आणायलाच पाऊण-एक लीटर पेट्रोल लागतं. त्यामुळे जाताना १८-१९ आणि येताना साडेपंधरा असं निघालं तर गाडीत बिघाड नाही, सह्याद्री मध्ये आहे. मोजायचं तर जाऊन-येऊन मोजा. जाताजाता एक गोष्ट : साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १०० मीटर उंचीला साधारण एक टक्का कमी होते. टर्बो ती बरीचशी भरून काढतो, म्हणून मुंबईच्या मित्राची साधी गाडी इथे आली की थोडी मरगळल्यासारखी वाटते.

वहीत दोन रकाने ठेवा, शहर आणि बाहेर. नुसती सरासरी फसवते. ॲव्हरेज ८ वरून १० झालं तर १०० किलोमीटरमागे अडीच लीटर वाचतात. १५ वरून १८ झालं तर एक लीटरच्या थोडं वर. म्हणजे हायवेवर जीव मुठीत धरून तीन किलोमीटर वाढवण्यापेक्षा शहरातले दोन वाढवणं दुपटीहून जास्त फायद्याचं.

पायरी २ : शहरातले किलोमीटर आवरा

माझ्या वहीतला सगळ्यात वाईट आकडा ना समृद्धीवरचा, ना सापुताऱ्याचा. तो आहे डिसेंबरातल्या रविवारी सकाळी मिसळ खायला गेल्याचा. तीन किलोमीटर जाणं, तीन येणं, ॲव्हरेज साडेसहा. नाशिकची थंडी, गारठलेलं इंजिन, त्यात ते गरम होईपर्यंत कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो. पाण्याचा काटा चार-पाच मिनिटांत वर येतो, पण ऑइल नीट तापायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तोवर मिसळ समोर आलेली असते. अशा फेऱ्यांनी पेट्रोल तर जातंच, शिवाय ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल आणि ओल उडून जायला वेळ मिळत नाही. गाडीचं वयही त्यातच जातं. पाच किलोमीटरच्या आतल्या कामाला ॲक्टिव्हा काढा. हसू नका, वेगवान गाडीवर मी केलेली सगळ्यात मोठी बचत हीच.

पेट्रोल जाण्याची दुसरी जागा द्वारका चौक. मुंबई नाका ते द्वारका संध्याकाळी सात वाजता. एसी लावून उभी असलेली माझी गाडी तासाला जवळपास एक लीटर पिते, हे ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) लावून बघितलंय. मोठ्या इंजिनात हे दीड-दोनपर्यंत जातं. स्टार्ट-स्टॉप बटण बंद करून ठेवायची आपल्याकडे फॅशन आहे. ती सोडा.

डीएसजीवाल्यांनी इथे कान टवकारावेत. सात गिअरच्या या गिअरबॉक्सचे क्लच कोरडे असतात. ब्रेक अर्धवट सोडून इंचाइंचाने सरकलात की क्लच घासतो आणि तापतो. पुढे एका गाडीइतकी जागा होऊ द्या, मग सुटा आणि थांबताना ब्रेक नीट दाबा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. त्याच्या हॉर्नला पैसे पडत नाहीत, आपल्या क्लचला पडतात.

गर्दी नसेल तेव्हा, म्हणजे गंगापूर रोडला आनंदवली सोडल्यावर वगैरे, उलटी चूक होते : माणूस गरजेपेक्षा हळू वेग घेतो. दोन हजार आरपीएमच्या आसपास जरा ठाम पाय देऊन ५०-५५ गाठायचे आणि मग पाय सैल सोडायचा. पाय सैल झाला की माझ्या गाडीतल्या १.५ टीएसआयसारखं (फोक्सवॅगन गटाचं टर्बो पेट्रोल) इंजिन चारातले दोन सिलिंडर बंद करून चालतं. सतत हलका-जड, हलका-जड पाय म्हणजे ॲव्हरेजची माती.

पायरी ३ : हायवे आणि घाट, न घाबरता

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० चे १२० केले की तो पावणेदोन पटीच्या वर जातो. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. माझी वही म्हणते, ९०-९५ ला १८, १२० ला साडेतेरा. मधला १०० ते १०५ चा टप्पा मला परवडतो आणि झोपही येत नाही. जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा चालू झाल्यावर मुंबईला जाताना कसाऱ्याची वळणं टाळता येतात, पण टोल किलोमीटरला दोन रुपयांच्या आसपास पडतो. तोही इंधनाच्याच रकान्याशेजारी लिहा. लोक पेट्रोलचा रुपया मोजतात आणि फास्टॅगचा विसरतात.

घाट उतरताना न्यूट्रल करणारे अजून भेटतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातली ही सवय. आताच्या इंजिनात गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडणंच थांबवतात, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलला मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल लागतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो तो वेगळाच. ज्या गावाच्या मायको कारखान्यात (आताची बॉश) पिढ्यानपिढ्या नोझल-इंजेक्टर घडले, त्या गावात तरी हे समजावून सांगायला लागू नये!

चढताना वरच्या गिअरमध्ये तेराशे आरपीएमवर ॲक्सिलरेटर तळाला टेकवू नका. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात अशा वेळी मिश्रण वेळेआधी पेटून पिस्टनला धोका होऊ शकतो. एक-दोन गिअर खाली या. पेट्रोल किंचित जास्त जाईल, जाऊ द्या. वर पोहोचताना शेवटचे एक-दोन किलोमीटर शांत चालवा, म्हणजे लालबुंद टर्बो थंड व्हायला वेळ मिळेल.

आता रविवारचा खरा हिशोब. दिंडोरी-वणीवरून सापुतारा जाऊन-येऊन साधारण १६० किलोमीटर. मनसोक्त चालवली तर ८ चं ॲव्हरेज, म्हणजे २० लीटर. सभ्यपणे चालवली तर १३, म्हणजे सव्वाबारा लीटर. लीटर १०५ रुपये धरला तर मजेचे जास्तीचे पैसे झाले आठशेच्या आसपास. चौघांच्या एका जेवणाचे. महिन्यातून एकदा गेलात तर वर्षाला दहा हजारांच्या आत. एवढ्यासाठी वर्षभर माझं मन मला खात होतं.

पायरी ४ : पेट्रोल कुठलं?

टाकीचं झाकण उघडा, आतल्या स्टिकरवर किमान ऑक्टेन लिहिलेला असतो. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल वेळेआधी न पेटता किती तग धरतं त्याचा आकडा. तेच प्रमाण. आता पंपावर मिळणारं साधं पेट्रोल ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉलमध्ये लीटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये ऊर्जा सहा-सात टक्के कमी भरते. ॲव्हरेज थोडं घसरणारच. पण इथेनॉलचा ऑक्टेन चढा असतो, त्यामुळे इंजिन ठोके द्यायचं प्रमाण कमी होतं आणि टर्बोला ते मानवतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील ई-२० ला चालतील असे बनवलेले असतात. त्याआधीची गाडी सेकंडहँड घेत असाल तर इंधनाचे पाइप तपासून घ्या.

१०० ऑक्टेनचं पेट्रोल साध्याच्या दीडपट दराने मिळतं. मी तीन महिने हौसेने भरलं. वहीत फरक दिसला नाही, बँकेत दिसला. गाडीला ९८ ऑक्टेन लागत असेल किंवा इंजिन तशा पेट्रोलसाठी ट्यून केलेलं असेल तरच त्याचा उपयोग. नाही तर इंजिनाला त्या जास्तीच्या ऑक्टेनचं काय करायचं तेच कळत नाही.

गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि पावसाळ्यात रिकाम्या टाकीत ओलीला भरपूर जागा मिळते.

पायरी ५ : टायर, म्हणजे दुसरं पेट्रोल

हा खर्च हप्त्याने दिसत नाही म्हणून कोणी मोजत नाही. माझ्या मापाचे चार चांगले टायर ४० हजारांच्या आसपास. ३५ हजार किलोमीटर चालले तर किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आत. १८-१९ इंची रिमची गाडी असेल तर एकेका टायरला पंचवीस-तीस हजार मोजावे लागतात, त्यात मागचे टायर रुंद आणि वेगळ्या मापाचे असले तर पुढचे-मागचे आलटून-पालटून वापरताही येत नाहीत. टायरच्या बाजूला ‘ट्रेडवेअर’ म्हणून आकडा असतो. ढोबळमानाने तो जितका मोठा तितका टायर टिकाऊ आणि पकडीला तितका कमी. २०० चा मऊ टायर ट्रॅकवर शोभतो, त्र्यंबक रोडवर नाही.

हवा आठवड्याला बघा आणि टायर थंड असताना. दोन-तीन पीएसआय कमी असली तरी ॲव्हरेज खाली येतं आणि टायरच्या कडा झिजतात. मेच्या उन्हात नागपूरकडे जाणार असाल तर समृद्धीवर चढण्याआधी हवा आणि टायरची नक्षी बघाच. १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा, मी ३ ला बदलतो.

आणि खड्डे. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी शहरभर खोदकाम चालू आहे. काल डांबर होतं तिथे आज चर असू शकते. अशाच एका न बुजवलेल्या चरीत माझं रिम वाकलं, टायरला फुगा आला आणि ॲव्हरेजची वर्षभराची बचत एका ‘धप्प’मध्ये गेली. म्हणून कंपनीच्या रिमपेक्षा मोठी रिम आणि पातळ टायर लावायचा मोह सध्या तरी आवरा. दिसायला झकास, पण मोठी रिम जड असते, म्हणजे पेट्रोलही जास्त पिते.

पायरी ६ : विमा आणि कर

थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो, ताकदीवर नाही. १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. म्हणजे ९९८ सीसीची आय-२० एन लाइन सगळ्यात खालच्या गटात, १४९८ सीसीची व्हर्टस जीटी दोन सीसींनी मधल्या गटात. खरा फरक स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात असतो. झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांची झीज न कापता भरपाई देणारा विमा, घ्या. इंजिन प्रोटेक्टही घ्या. वेगवान गाड्या खाली बसलेल्या असतात आणि आपल्याकडे गोदावरीचं पाणी कधी वाढेल सांगता येत नाही. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून नाशिककर पूर मोजतात; त्याच्या कमरेला पाणी लागलं की घाटाच्या बाजूला गाडी न्यायचीच नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. नो क्लेम बोनस पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो, तेव्हा बंपरच्या चार हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम करायचा का, हे आधी कागदावर मांडा.

एमएच १५ चा नंबर घेताना पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के कर. कंपनीच्या नावावर घेतलीत तर २० टक्के. ‘धंद्यात दाखवू’ म्हणणाऱ्यांनी आधी सीएला विचारावं.

पायरी ७ : सर्व्हिस आणि रीमॅप

सर्व्हिस वेळेवर करा, पण बिलाची प्रत्येक ओळ वाचा. माझ्या बिलात एकदा न विचारता इंजिन फ्लश आणि इंजेक्टर क्लीनिंग घुसवलं होतं, ते मी काढायला लावलं. ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं आणि मंजुरी क्रमांकाचंच हवं, त्यात काटकसर नाही. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. घाटात जाणाऱ्याने तर नक्कीच.

गिअरबॉक्ससाठी पैशांचा वेगळा डबा ठेवा. डीएसजीचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा त्याचा मेंदू, गेलं तर वॉरंटीबाहेर बिल लाखाच्या वर जातं. वाढीव वॉरंटी हा मला तरी सगळ्यात शहाणा खर्च वाटतो.

रीमॅपबद्दल, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलण्याबद्दल : लॅपटॉप लावून तासाभरात ताकद वाढते, खरं आहे. ‘ॲव्हरेजही वाढतं’ हे तेवढं खरं नाही, कारण वाढलेली ताकद वापरायचीच म्हणून आपण ती घेतलेली असते. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत असा बदल पकडला गेला की नोंदीवर ‘टीडी१’ शिक्का बसतो आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी गेली समजा. विमा कंपनीला सांगितलं नसेल तर क्लेमच्या वेळी तीही हात वर करू शकते.

पायरी ८ : सगळं एका पानावर

वर्षाला १२ हजार किलोमीटर धरा. शहरात ७ हजार, १० च्या ॲव्हरेजने ७०० लीटर. बाहेर ५ हजार, १६ ने सव्वातीनशेच्या आत. पेट्रोल १ लाख ६ हजार. विमा ४० हजार, सर्व्हिस १४, टायर १४, ब्रेक वगैरे ५, गिअरबॉक्सचा डबा १५. बेरीज १ लाख ९४ हजार, किलोमीटरला १६ रुपये. आता घसारा. रस्त्यावर येईपर्यंत २० लाखांना पडलेली गाडी पाच वर्षांनी ११ लाखांना गेली तर वर्षाला १ लाख ८० हजार नुसते हवेत. पेट्रोलपेक्षा जास्त, आणि गाडी पार्किंगमध्ये झाकून ठेवली तरी हे जाणारच. किलोमीटरला ३१ रुपये झाले, त्यात पेट्रोल नऊच रुपये.

घसाऱ्याचा मोठा घास दुसऱ्या कोणाला तरी घेऊ द्यायचा असेल तर तीन-चार वर्षं जुनी गाडी बघा. महाराष्ट्रातलीच घ्या. दिल्लीची स्वस्त दिसते, पण एनओसी आणि इथला कर भरेपर्यंत स्वस्ताई उरत नाही. इंजिन थंड असताना बघायला जा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल तर बॉनेटला हात लावून कळेल. सर्व्हिसच्या नोंदी कंपनीच्या सेंटरवर तपासा, टीडी१ आहे का तेही विचारा. डीएसजी असेल तर चढावर दहा-बारा वेळा थांबवून-सोडवून बघा, पहिल्या-दुसऱ्यात थरथर जाणवली तर राम राम. शेवटी टायरवरचा चार आकडी क्रमांक वाचा : ३२२३ म्हणजे २०२३ सालचा ३२ वा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे निघाले, तर आधीच्या मालकाने बाकी गोष्टींत कुठे हात आखडला असेल ते लिफ्टवर चढवून बघा.